एसआरटी वापरून लिहितोय: लेटन्सी (चित्र पोचायला लागणारा उशीर) कमी करायच्या नादाला लागू नका

आधीच सांगतो, हा कुठल्या बॉक्सचा किंवा ॲपचा रिव्ह्यू नाहीये, एसआरटी नावाच्या प्रोटोकॉलचा आहे, म्हणजे इंटरनेटवरून लाइव्ह व्हिडिओ एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवायच्या पद्धतीचा. सिक्युअर रिलायेबल ट्रान्सपोर्ट असं पूर्ण नाव. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, त्यामुळे विकत घ्यावं का हा प्रश्नच येत नाही. प्रश्न एवढाच की समोर लाइव्ह कार्यक्रम चालू असताना, बघणारे लोक बसलेले असताना, मधल्या इंटरनेटचा काही भरवसा नसताना ह्याच्या जिवावर राहावं का. माझं उत्तर हो. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

कामाचं स्वरूप असं की कॅमेरे एका हॉलमध्ये किंवा मैदानावर, आणि तिथून सिग्नल कुठेतरी क्लाउडमधल्या सर्व्हरवर न्यायचा, मग तो सर्व्हर पुढे हजारो प्रेक्षकांना वाटत बसतो. ह्यातला जो पहिला टप्पा, हॉल ते सर्व्हर, त्याला फर्स्ट माइल म्हणतात आणि सगळी रड तिथेच असते, कारण तिथे जे नेट मिळेल त्यावर भागवायचं असतं. सर्व्हर ते प्रेक्षक ह्या टप्प्यात काही सेकंद गेले तर प्लेयरकडे बफर (आधीच साठवलेला थोडा व्हिडिओ) असतो, पण पहिल्याच टप्प्यात फ्रेम खराब झाली की ती सगळ्यांनाच खराब दिसते, जगातला कितीही महागडा सीडीएन (प्रेक्षकांना व्हिडिओ वाटणारं सर्व्हरचं जाळं) घ्या, तो खराब फ्रेमच इमानदारीत सगळीकडे पोचवणार.

आता एसआरटीच्या आधी सगळे काय वापरत होते, तर आरटीएमपी, आणि अजूनही अर्धी दुनिया तेच वापरते. मॅक्रोमीडियाच्या फ्लॅशसाठी बनलेली गोष्ट, फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला अधिकृतपणे संपलं पण आरटीएमपी काही मरत नाही, कारण सोपं आहे, यूआरएल टाका, स्ट्रीम की (सर्व्हरने दिलेला कोड) टाका आणि चालू. त्याची अडचण अशी की ते टीसीपीवर, म्हणजे सगळं क्रमानेच पोचवणाऱ्या प्रोटोकॉलवर, चालतं आणि टीसीपीचा हट्ट असा की एकही पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलं तर ते परत येईपर्यंत मागच्या कुणालाही पुढे सोडायचं नाही. अरुंद पुलावर एक गाडी बंद पडली की मागची सगळी रांग थांबते ना, अगदी तसं. फाइल डाउनलोडला हे ठीक आहे, फाइलला घाई नसते. लाइव्ह व्हिडिओमध्ये मात्र कॅमेरा थांबत नाही, तो मागून फ्रेम ढकलतच राहतो, एन्कोडरचा (व्हिडिओ दाबून पाठवणाऱ्या यंत्राचा किंवा सॉफ्टवेअरचा) बफर भरत जातो, मग एन्कोडर फ्रेम टाकून द्यायला लागतो किंवा कनेक्शनच तुटतं. आणि टीसीपीला पॅकेट हरवलं की वाटतं रस्त्यात गर्दी झालीय, म्हणून तो वेगही कमी करतो, म्हणजे थोडासा लॉस (पॅकेटं हरवणं) आणि लांबचा सर्व्हर असं कॉम्बिनेशन असलं की स्पीड टेस्टमध्ये अपलोड मस्त दिसतो आणि स्ट्रीम तरीही गचके खाते. स्पीड टेस्ट बघून "नेट तर चांगलं आहे हो" म्हणणारे लोक मला प्रत्येक ठिकाणी भेटतात.

एसआरटी बनवलं हायव्हिजन नावाच्या कॅनडातल्या कंपनीने, २०१३ मध्ये पहिल्यांदा दाखवलं आणि एप्रिल २०१७ मध्ये ओपन सोर्स केलं, सध्या एमपीएल २.० लायसन्स आहे. मुळात शून्यातून बनवलेलं नाही, यूडीटी नावाची एक जुनी लायब्ररी होती, मोठमोठ्या डेटा फाइल्स लांब अंतरावर जोरात पाठवण्यासाठी बनवलेली, तिच्यावर लाइव्हचा विचार करून हे उभं केलंय. चालतं यूडीपीवर. यूडीपीला स्वतःला कसलीच पर्वा नसते, पॅकेट पोचलं तर पोचलं, त्यामुळे हरवलेलं परत मागायचं काम एसआरटी स्वतः करतं आणि सगळी गंमत त्या मागण्याच्या पद्धतीत आहे.

पाठवणारा प्रत्येक पॅकेटवर नंबर आणि वेळ लिहितो आणि पाठवलेलं पॅकेट लगेच फेकून न देता थोडा वेळ स्वतःकडे ठेवतो. घेणाऱ्याला नंबरात खड्डा दिसला, समजा ५०१ नंतर एकदम ५०३ आलं, की तो तातडीने सांगतो ५०२ मिळालं नाही, परत पाठव. फक्त तेवढंच एक परत येतं, बाकीची येतच राहतात, कुणी कुणासाठी थांबत नाही. दुसरं म्हणजे घेणारा आलेलं पॅकेट लगेच पुढे देत नाही, ठरलेला वेळ धरून ठेवतो आणि त्या वेळात जी दुरुस्ती व्हायची ती होऊन जाते, आणि मग पाठवताना पॅकेटांमध्ये जितकं अंतर होतं तेवढ्याच अंतराने ती पुढे सोडतो, म्हणजे नेटमधला जिटरही (पॅकेटं कमी-जास्त उशिराने येणं) जातो आणि डीकोडरला, म्हणजे व्हिडिओ परत उलगडणाऱ्याला, वाटतं जणू केबलनेच जोडलंय. हा जो धरून ठेवायचा वेळ, तीच ती लेटन्सी सेटिंग. ती वेळ संपली आणि पॅकेट आलंच नाही तर? तर एसआरटी त्याचा नाद सोडून पुढे जातं. टीसीपीसारखं जन्मभर वाट बघत बसत नाही. लाइव्हमध्ये उशिरा आलेली फ्रेम आणि न आलेली फ्रेम सारखीच हे ज्याला कळलं त्याने हे डिझाइन केलंय असं मला नेहमी वाटतं.

पण गोंधळ इथेच होतो, लोकांना वाटतं एसआरटी म्हणजे लो लेटन्सी. जाहिरातीतही तेच असतं, कमी लेटन्सी कमी लेटन्सी. मग माणूस सेटिंगमध्ये जातो, डिफॉल्ट १२० मिलीसेकंद असते, ती तशीच ठेवतो किंवा हौसेने ८० करतो, आणि मग गचके आले की म्हणतो एसआरटी काही कामाचं नाही बुवा, आपलं आरटीएमपीच बरं होतं. अहो, ती लेटन्सी म्हणजे दुरुस्तीसाठी दिलेला वेळ आहे, तुम्ही वेळच दिला नाही तर ते बिचारं दुरुस्ती करणार कधी!

आकडे घालून बघा म्हणजे पटेल. ६ एमबीपीएसची स्ट्रीम घ्या, १०८०पीसाठी नेहमीचीच. एसआरटीच्या एका पॅकेटात साधारणपणे १३१६ बाइट जातात, म्हणजे ट्रान्सपोर्ट स्ट्रीम ह्या व्हिडिओ फॉरमॅटची १८८ बाइटची ७ छोटी पॅकेटं. हिशोब केला तर सेकंदाला ५७० च्या आसपास पॅकेटं होतात. आता लाइनवर २ टक्के लॉस आहे असं धरा, म्हणजे सेकंदाला ११-१२ पॅकेटं गायब. एकदा परत मागायला वेळ असेल तर त्या परत पाठवलेल्यांपैकीही २ टक्के हरवणार, म्हणजे चार-पाच सेकंदांत एक पॅकेट कायमचं गेलं, हे प्रेक्षकाला स्पष्ट दिसतं, कारण एक पॅकेट गेलं की त्यातली फ्रेम बिघडते आणि पुढची कीफ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) येईपर्यंत तो चौकोनी चिखल स्क्रीनवर राहतो. दोनदा मागायला वेळ असेल तर साडेतीन-चार मिनिटांत एक. तीनदा मागता आलं तर तीन तासांत एक. हा कागदावरचा हिशोब आहे, खऱ्या नेटवर लॉस असा सारखा वाटलेला नसतो, घोळक्याने येतो, तरी एकेक जादा फेरी मिळाल्यावर केवढा फरक पडतो ते दिसतं ना.

आणि एक फेरी म्हणजे किती वेळ, तर साधारण एक आरटीटी, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायचा वेळ, पिंग मारल्यावर जो आकडा येतो तो. सर्व्हर ८० मिलीसेकंद लांब असेल तर १२० च्या डिफॉल्टमध्ये एकच फेरी बसते, म्हणजे वरच्या हिशोबात चार-पाच सेकंदाला एक गचका. म्हणूनच आरटीटीच्या ३-४ पट लेटन्सी ठेवा असा सल्ला सगळीकडे देतात, ८० ला ३२० आणि २०० ला ८००. १२० हे डिफॉल्ट ३० मिलीसेकंदाच्या आतल्या, जवळच्या आणि चांगल्या लाइनसाठी बरं आहे, बाकी ठिकाणी ते बदललंच पाहिजे.

माझं मत ह्याच्याही पुढे जातं. चौपट वगैरे हिशोब तुम्हाला खरंच लेटन्सी कमी हवी असेल तेव्हा करा, म्हणजे स्टुडिओतला अँकर बाहेरच्या पाहुण्याशी बोलतोय, किंवा लांब बसलेला माणूस चित्र बघून कॅमेरा हलवतोय, अशा वेळी. नुसता कार्यक्रम दाखवायचा असेल आणि पुढे प्रेक्षक एचएलएसवर (व्हिडिओचे छोटे सेगमेंट करून प्लेयरला देणारी पद्धत) बघणार असतील तर सरळ २००० मिलीसेकंद टाका. दोन सेकंद ऐकून लोकांचे डोळे मोठे होतात. पण एचएलएसचं बघा, ॲपलची शिफारस ६ सेकंदांच्या सेगमेंटची आहे, आणि प्लेयर साधारण तीन सेगमेंट मागे राहून सुरू होतो, म्हणजे १८ सेकंद तिथेच गेले, वर एन्कोडिंग आणि सीडीएनचं वेगळं. प्रेक्षक वीसेक सेकंद मागेच आहे, तिथे तुम्ही फर्स्ट माइलवर दीड सेकंद वाचवून कुणाचं भलं करताय? त्या दीड सेकंदाच्या बदल्यात किती फेऱ्या मिळतात बघा. लो लेटन्सी एचएलएस वापरत असाल तर गणित थोडं वेगळं होतं, तिथे दोन-पाच सेकंदांवर प्रेक्षक असतो, मग लेटन्सी हजारच्या आसपास आणा, पण तिथेही १२० चा हट्ट नको.

बरं, नुसती लेटन्सी वाढवूनही भागत नाही, लाइनमध्ये मोकळी जागा लागते, आणि हे फारच कमी लोक बघतात. समजा मोबाइल नेटवर आहात आणि एक सेकंदभर सगळंच गायब झालं. मोबाइलवर हे सर्रास होतं. त्या एका सेकंदाचे ६ मेगाबिट आता परत पाठवायचेत आणि शिवाय चालू स्ट्रीमचे ६ एमबीपीएस आहेतच. लाइन ७.५ ची असेल तर जादा जागा दीडच उरते, मागचं साठलेलं फेडायला ४ सेकंद लागणार, आणि लेटन्सी दिलीय २ सेकंद, म्हणजे बसला फटका. १२ ची लाइन असेल तर एका सेकंदात फिटतं. एसआरटीत ओव्हरहेड बँडविड्थ म्हणून एक सेटिंग आहे, परत पाठवण्यासाठी किती जादा जागा वापरू ते सांगणारं, त्याचं डिफॉल्ट २५ टक्के आहे, बऱ्याच एन्कोडरमध्ये ते स्क्रीनवरच दिसतं. चांगल्या फायबरला २५ पुरतं. मोबाइलवर किंवा भरलेल्या हॉलच्या वायफायवर मी बिटरेटच (सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा) खाली आणतो, अपलोडच्या निम्म्यावर, आणि ओव्हरहेड वर नेतो. ६ च्या जागी ४ एमबीपीएसचं स्वच्छ चित्र कुणालाही चालतं, ६ एमबीपीएसचे चौकोन कुणालाच चालत नाहीत.

आता तक्रारी.

पहिली तक्रार युनिटची. एसआरटीच्या मूळ लायब्ररीत लेटन्सी मिलीसेकंदात, पण एफएफएमपेग ह्या व्हिडिओ हाताळणाऱ्या टूलमध्ये तोच ऑप्शन मायक्रोसेकंदात, आणि ओबीएस हे स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर आतून एफएफएमपेगच वापरत असल्याने तिथेही यूआरएलमध्ये मायक्रोसेकंद. म्हणजे दोन सेकंदांसाठी एकीकडे २००० आणि दुसरीकडे २०००००० लिहायचं. कहर म्हणजे चुकीचं लिहिलं तरी एरर येत नाही. कनेक्ट होताना दोन्ही बाजू आपापली लेटन्सी सांगतात आणि जी मोठी असेल ती लागू होते, त्यामुळे ओबीएसवाल्याने २००० लिहिलं म्हणजे खरं तर २ मिलीसेकंद मागितले, समोरच्या सर्व्हरवर १२० आहे, झालं, १२० लागू. स्ट्रीम व्यवस्थित चालू होते, सगळे खूश, आणि लॉस आला की कळत नाही की दोन सेकंद देऊनही गचके का. ह्यावर उपाय एकच, कनेक्ट झाल्यावर स्टॅट्समध्ये ठरलेली लेटन्सी किती दिसतेय ते बघायचं, आपण काय लिहिलं ह्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि ही जी मोठी ती लागू होते वाली गोष्ट फायद्याचीही आहे, सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर तिथेच २००० टाकून ठेवा, पाठवणाऱ्याने काहीही लिहू दे.

दुसरी तक्रार कॉलर आणि लिसनर. नवीन माणसाला वाटतं पाठवणारा तो कॉलर आणि घेणारा तो लिसनर, तसं नाहीये, कॉलर म्हणजे जो कनेक्शन सुरू करतो तो, मग तो व्हिडिओ पाठवो नाहीतर घेवो. ज्याच्याकडे पब्लिक आयपी आणि उघडा पोर्ट आहे त्याने लिसनर व्हायचं, हॉलमधल्या राउटरमागे बसलेल्याने कॉलर व्हायचं, एवढं डोक्यात बसलं की निम्मे कनेक्शनचे प्रश्न संपतात. रॉन्देव्हू म्हणून तिसरा मोड आहे, दोघेही फायरवॉलमागे असतील तर दोघांनी एकमेकांना एकाच वेळी हाक मारायची. ऐकायला छान आहे, पण राउटर कसा वागतो ह्यावर सगळं अवलंबून, माझ्या मते लाइव्हच्या दिवशी त्याच्या भानगडीत पडू नका, मध्ये एक छोटा क्लाउड सर्व्हर ठेवा आणि दोघांनाही कॉलर करा.

तिसरी, यूडीपी. एका मोठ्या इमारतीत आयटी विभागाने बाहेर जाणारी यूडीपी सरसकट बंद केलेली, वेब आणि मेल सोडून काही जाईना, आणि परवानगी द्यायचा अधिकार असलेला माणूस रजेवर. तिथे कितीही चांगला प्रोटोकॉल असला तरी उपयोग शून्य, शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून कार्यक्रम काढला. एसआरटीचा ह्यात दोष नाही, पण आरटीएमपीएस (आरटीएमपीचं एन्क्रिप्टेड रूप) वेबच्याच ४४३ पोर्टवरून गुपचूप निघून जातं आणि एसआरटी जात नाही हेही खरंच आहे.

सिक्युअर म्हणतात ते कितपत? एईएस एन्क्रिप्शन आहे, १२८, १९२ किंवा २५६ बिट, पासफ्रेज दोन्ही बाजूला सारखा टाकायचा, १० ते ७९ अक्षरांचा. जुळला नाही तर कनेक्शनच होत नाही, हे बरं आहे. मी नेहमी चालू ठेवतो, त्याचा भार आजच्या प्रोसेसरवर जाणवतसुद्धा नाही. स्ट्रीमआयडी म्हणून एक वेगळी सोय आहे, ५१२ अक्षरांपर्यंतचा मजकूर कनेक्ट होताना पाठवता येतो, त्यामुळे एकाच पोर्टवर दहा कॅमेरे आले तरी कोण कुठला ते सर्व्हरला कळतं. फक्त प्रत्येक सर्व्हरची स्ट्रीमआयडी लिहायची तऱ्हा वेगळी, कुणाला नुसतं नाव लागतं, कुणाला पब्लिश असा शब्द पुढे लागतो, मॅन्युअल उघडल्याशिवाय सुटका नाही.

तक्रारी संपल्या, आता ज्या गोष्टीसाठी मी हे कधीच सोडणार नाही ती सांगतो. स्टॅट्स. आरटीएमपीवर गचका आला की तुम्ही अंधारात असता, एन्कोडर म्हणतो मी पाठवलं, सर्व्हर म्हणतो आलं नाही, आणि मधलं कुणालाच माहीत नाही. एसआरटी दर क्षणाला सांगतं आरटीटी किती, किती पॅकेटं हरवली, किती परत पाठवली, किती शेवटी सोडून दिली, बफरमध्ये किती मिलीसेकंद माल आहे. ह्यात हरवलेली आणि सोडून दिलेली हा फरक नीट समजून घ्या. हरवलेल्यांचा आकडा वाढतोय म्हणून घाबरायचं कारण नाही, ते होणारच, परत पाठवलेल्यांचा आकडा त्याच्याबरोबर वाढतोय म्हणजे यंत्रणा काम करतेय. सोडून दिलेल्यांचा, म्हणजे ड्रॉपचा आकडा हलला की प्रेक्षकाला दिसलं. माझ्या स्क्रीनवर तो एकच आकडा मोठ्या अक्षरात असतो. आणि आरटीटी. ड्रॉप शून्य आहे पण आरटीटी ४० वरून हळूहळू ९०, मग २०० असा चढतोय, म्हणजे कुठेतरी रांग साठतेय, लाइन भरत आलीय, हॉलमधल्या लोकांनी वायफायवर व्हिडिओ अपलोड करायला घेतलेत बहुतेक. चित्र अजून सुंदर आहे, पण हीच वेळ बिटरेट खाली आणायची, गचका आल्यावर नाही. ही पूर्वसूचना दुसऱ्या कशात एवढ्या सहज मिळत नाही.

बिटरेट खाली आणायचा विषय निघालाच आहे तर हेही माहीत हवं की एसआरटी स्वतः बिटरेट कमी करत नाही. ते फक्त वाहून नेतं. लाइन ३ एमबीपीएसवर आली आणि तुम्ही ६ ढकलताय तर जगातली कुठलीही लेटन्सी तुम्हाला वाचवणार नाही. काही एन्कोडर एसआरटीचे आकडे बघून आपोआप क्वालिटी कमी-जास्त करतात, एन्कोडर निवडताना हे आहे का ते विचारा. तसंच कनेक्शन पूर्ण तुटलं, म्हणजे समोरून पाच सेकंद काहीच आलं नाही की डिफॉल्टप्रमाणे एसआरटी ते कनेक्शन मेलं असं धरतं, आणि परत जोडायचं काम तुमच्या सॉफ्टवेअरचं, प्रोटोकॉलचं नाही. काही सॉफ्टवेअर लगेच जोडतात, काही तिथेच मख्ख बसून राहतात.

बाँडिंगबद्दलही गैरसमज भरपूर. लायब्ररीच्या १.५ आवृत्तीपासून दोन लाइन एकत्र वापरता येतात, एक प्रकार असा की दोन्हीवरून तेच पाठवायचं आणि जे आधी येईल ते घ्यायचं, दुसरा असा की एक मुख्य आणि एक राखीव. दोन्ही उत्तम आहेत, फायबर आणि मोबाइल जोडून ठेवा, एक गेली तरी पत्ता लागत नाही. पण ह्यात दोन लाइनींचा वेग एकत्र होत नाही! ३ आणि ३ मिळून ६ नाही. पाठीवर बॅग घेऊन चार-पाच सिम एकत्र करणारी जी यंत्रं असतात ती वेगळी गोष्ट. शिवाय हे बाँडिंग लायब्ररी बिल्ड करताना मुद्दाम चालू करावं लागतं, डिफॉल्टने बंद असतं, आणि दोन्ही टोकांना हवं, त्यामुळे "आमच्याकडे एसआरटी आहे" म्हणजे बाँडिंग आहेच असं धरून चालू नका.

आणि एसआरटी ब्राउझरमध्ये चालत नाही. प्रेक्षकाला एसआरटीची लिंक देऊन उपयोग नाही, व्हीएलसीमध्ये उघडेल फार तर. शेवटी कुठेतरी सर्व्हरवर एचएलएस किंवा वेबआरटीसी (ब्राउझरमध्ये लाइव्ह बोलण्या-बघण्याचं तंत्र) करावंच लागतं. मीडियाएमटीएक्ससारखे ओपन सोर्स सर्व्हर ते काम करतात, एका बाजूने एसआरटी घेतात आणि दुसऱ्या बाजूने हवं ते देतात. कुठल्या प्लॅटफॉर्मला फक्त आरटीएमपीच हवं असेल तर तिथेही हाच मार्ग, हॉलपासून सर्व्हरपर्यंतचा नाजूक भाग एसआरटीने आणि सर्व्हर ते प्लॅटफॉर्म हा डेटासेंटरमधला मजबूत भाग आरटीएमपीने. एक जादा पायरी वाढते पण फायदा दिसतो. अर्धा गुण मी युनिटच्या घोळासाठी आणि ह्या जादा पायरीसाठी मिळून कापलाय.

पर्यायांमध्ये रिस्ट आहे, व्हिडिओ सर्व्हिसेस फोरम ह्या संस्थेने २०१८ मध्ये त्याचा पहिला प्रोफाइल काढला, तत्त्व तेच, हरवलेलं परत मागा. कागदोपत्री ते जास्त नीटनेटकं आहे, सगळं आधीच्या आरटीपीसारख्या स्टँडर्डवर बसवलेलं, आणि गुणवत्तेत मला दोघांत डोळ्याला दिसेल असा फरक आढळला नाही. पण छोट्या कामात समोरच्याकडे काय आहे ह्याला महत्त्व, आणि ओबीएस, व्हीमिक्स, एफएफएमपेग, स्वस्तातले हार्डवेअर एन्कोडर, सगळीकडे एसआरटी आधी दिसतं. वेबआरटीसीचा रस्ता अर्ध्या सेकंदाच्या आत बोलायचं असेल तेव्हाचा, व्हिप नावाच्या ठरलेल्या पद्धतीमुळे आता एन्कोडरवरून तिकडे पाठवणं सोपंही झालंय, पण वेळ कमी पडला की ते क्वालिटीचा बळी देतं. गप्पांसाठी बरोबर आहे, कार्यक्रमाच्या मुख्य फीडसाठी मला नको.

घ्यायचं ठरवलंत तर आधी घरीच त्याला छळून बघा. लिनक्सवर नेटेम नावाचं टूल असतं, त्याने मुद्दाम लॉस आणि डिले घालता येतो. २ टक्के लॉस आणि ८० मिलीसेकंद आरटीटी होईल असा डिले घाला आणि लेटन्सी १२० वर ठेवून चित्र बघा, मग ३२०, मग २०००, ड्रॉपचा आकडा कसा बसतो ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. नंतर लॉस ५ वर, १० वर न्या. १० टक्क्यांवरही २००० मध्ये चित्र स्वच्छ राहतं हे पहिल्यांदा बघताना खोटंच वाटतं, फक्त लाइनमध्ये जागा हवी. ते झालं की चालू स्ट्रीममध्ये केबल उपसा, एकदा सेकंदभर आणि एकदा दहा सेकंद, आणि परत लावल्यावर तुमचं सॉफ्टवेअर आपोआप जोडतंय की मख्ख बसतंय ते बघा. मख्ख बसत असेल तर प्रोटोकॉल बदलू नका, सॉफ्टवेअर बदला.